घोड्याची चंदी: पोत्याचा भाव नंतर, आधी पोत्यात काय आहे ते बघा

मागच्या व्हिडिओत आपण सीझनल धंद्यातल्या खेळत्या भांडवलाबद्दल बोललो. त्यानंतर लोणावळ्याच्या एका घोडेवाल्या भाऊंचा प्रश्न आला. "सर, माझे तीन घोडे आहेत. कोंडा, चणे, गूळ, सगळं देतो. कमाईतला निम्मा पैसा चंदीत जातो. तरी घोडा भरत नाही, आणि ऐन गर्दीत एक तरी लंगडतोच. नालबंद म्हणतो नाल ठीक आहे. मग चुकतंय कुठं?"

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. लायन्स पॉइंट, टायगर पॉइंटला फेऱ्या मारणारे, लग्नाच्या वरातीला घोडी देणारे आणि बैलगाड्यापुढे घोडी पळवणारे, सगळ्यांचा आहे. शेवटच्या मंडळींची संख्या तर वाढतेय. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने थांबलेल्या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह सुरू झाल्या, मे २०२३ मध्ये घटनापीठानेही त्यांना मान्यता दिली, आणि आपल्या पुणे जिल्ह्याच्या पद्धतीत बैलांपुढे घोडी लागतेच.

तर आज कॉस्टिंग शिकू, पण घोड्याच्या तोबऱ्यातून. एक गोष्ट आधीच सांगतो. घोडा आजारी असेल, लंगडत असेल, तर पहिला फोन पशुवैद्यकाला करायचा. मी हिशोबाचा माणूस आहे, औषधाचा नाही.

घोडा म्हणजे गाय नव्हे

मावळात बहुतेकांच्या घरी आधी गाय-म्हैस असते, घोडा नंतर येतो. म्हणून आपण घोड्यालाही गुरांच्या हिशोबाने खायला घालतो. मोठी चूक इथंच होते.

गाईच्या पोटात चारा आधी आंबतो, मग पचतो. घोड्याचं उलट आहे. त्याच्या पोटात आधी दाणा पचतो आणि चारा आंबतो तो शेवटी, मोठ्या आतड्यात. त्याचं जठर शरीराच्या मानाने अगदी लहान, साधारण आठ ते पंधरा लिटरचं. त्यात आम्ल चोवीस तास झिरपत असतं, पण ते आम्ल मारणारी लाळ फक्त चावताना सुटते. एक किलो सुका चारा चावायला घोड्याला सुमारे चाळीस मिनिटं लागतात, एक किलो दाणा दहा मिनिटांत संपतो. म्हणजे दाण्यावर ठेवलेला घोडा दिवसातला बराच वेळ रिकाम्या, आंबट पोटाने उभा असतो. आणि घोड्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच जाणार. म्हणून त्याचा पोटशूळ जिवावर बेततो.

यावरून पहिला नियम निघतो, तो भिंतीवर खडूने लिहा. घोड्याचं जेवण म्हणजे चारा. चंदी हे तोंडीलावणं. वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास रोजचं सुकं खाणं लागतं आणि त्यातला निदान तीन चतुर्थांश भाग चारा असावा. तीनशे किलोच्या घोड्याला रोज सहा-साडेसहा किलो सुकं खाणं, त्यात पाच किलो चारा.

"वजन कसं करणार, वजनकाट्यावर नेऊ का?" गरज नाही. शिवणाचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीभोवतीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,९००. घेर १५५ आणि लांबी १४८ असेल तर वजन तीनशे किलोच्या आसपास येतं. अगदी तंतोतंत नाही, पण अंदाजपंचेपेक्षा कितीतरी बरं.

पोत्याला लावलेली चिठ्ठी वाचा

तयार खाद्याच्या पोत्यावर एक चिठ्ठी शिवलेली असते. आपण ती फाडून टाकतो. उद्यापासून आधी वाचायची.

क्रूड प्रोटीन म्हणजे स्नायू, खूर, केस घडवणारा माल. पण प्रयोगशाळा प्रोटीन थेट मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. म्हणजे खाद्यात युरिया मिसळला तरी चिठ्ठीवर 'प्रोटीन' वाढतं! गाईचं पोट त्या युरियाचा उपयोग करतं, घोड्याला त्याचा फायदा जवळजवळ नाही. तुम्ही प्रोटीनचे पैसे मोजता आणि मुताऱ्यात वाहून जातं. आणि एक लक्षात घ्या, कामाच्या मोठ्या घोड्याला प्रोटीन फार लागत नाही. तीनशे किलोचा घोडा, हलकं काम, तर रोज सुमारे ४२० ग्रॅम पुरतं. वाढतं शिंगरू आणि दूध पाजणारी घोडी यांचा हिशोब वेगळा, त्यांना जास्त आणि चांगल्या दर्जाचं लागतं.

फॅट म्हणजे तेल, दाट ताकद. क्रूड फायबर म्हणजे चोथा. मॉइश्चर म्हणजे ओलावा, आणि दाण्याच्या भावात पाणी विकत घ्यायची हौस कुणाला नसावी. तिथंच एक शेवटची ओळ असते, आम्लात न विरघळणारी राख. ती म्हणजे सरळ भाषेत माती आणि वाळू. भाताच्या कोंड्यात तूस दळून मिसळलं असेल तर हाच आकडा फुगतो. मावळात भाताच्या गिरण्या जागोजागी आहेत, त्यामुळे ही भेसळ ओळखता आलीच पाहिजे. चांगला कोंडा मऊ, थोडा तेलकट लागतो. तुसाचा कोंडा बोटांना टोचतो.

मग येतात कॅल्शियम आणि फॉस्फरस. इथं थोडं थांबू, कारण मावळातल्या घोड्याची खरी दुखरी जागा हीच आहे असं माझं मत आहे.

भाताचा मुलूख आणि हाडांची उधारी

आपला मावळ भाताचा. इंद्रायणी, आंबेमोहोर. साहजिकच स्वस्त वैरण कोणती? पेंढा. स्वस्त दाणा कोणता? कोंडा, भाताचा किंवा गव्हाचा. घोड्याने पेंढा खावा, वर दोन डबे कोंडा आणि ओंजळभर चणे, झाली चंदी. दिसायला पोट भरलेलं.

आता आतला हिशोब बघा. शंभर ग्रॅम गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियम जेमतेम ०.१३ ग्रॅम आणि फॉस्फरस एक ग्रॅमच्या वर. जवळपास आठ-नऊ पट. भाताच्या कोंड्यात तर ही तफावत आणखी मोठी. वर कोंड्यातला फॉस्फरस ज्या रूपात असतो, ते रूप कॅल्शियमला धरून ठेवतं. राहिला पेंढा. त्यात थोडं कॅल्शियम असतं, पण पेंढ्यातलं ऑक्झलेट त्यातला काही भाग अडकवून ठेवतं. म्हणजे आवक आधीच कमी, त्यात वाटेत कपात.

घोड्याला फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त लागतं. दीड ते दोनास एक हे प्रमाण उत्तम, आणि एकास एकच्या खाली कधीच जाऊ नये. तीनशे किलोच्या हलक्या कामाच्या घोड्याला रोज साधारण १८ ग्रॅम कॅल्शियम आणि ११ ग्रॅम फॉस्फरस. आता आपल्या भाऊंच्या एका घोड्याची चंदी मांडू: पेंढा चार किलो, गव्हाचा कोंडा दोन किलो, चणे एक किलो, गूळ पाव किलो. बेरीज केली तर कॅल्शियम सुमारे १६ ग्रॅम, फॉस्फरस सुमारे २९ ग्रॅम. प्रमाण उलटं!

मग शरीर काय करतं? रक्तातलं कॅल्शियम कमी होऊ देत नाही, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. ते हाडांतून उचल घेतं. रोज थोडी. धंद्यात आपण नाही का, रोजचा खर्च चालावा म्हणून एफडी मोडत जातो? खातं भरलेलं दिसतं आणि आतून ठेव संपत जाते. म्हणूनच घोड्याची रक्ततपासणी केली तरी कॅल्शियम बऱ्याचदा 'नॉर्मल' येतं. आणि आपण निर्धास्त राहतो.

दिसतं ते असं. आज या पायाने लंगडतो, चार दिवसांनी त्या पायाने. पाऊल आखूड पडतं. चढावर नाखूश. नाल बघितली तर ठीक. चारा चावताना त्रास होतो. फार पुढे गेलं तर नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं सुजल्यासारखी जाड होतात, तोंड मोठं दिसायला लागतं. हा आजार जुना आहे. परदेशात त्याला 'गिरणीवाल्याचा रोग' म्हणायचे, कारण पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना कोंडा फुकट मिळायचा आणि तेच घोडे लंगडे व्हायचे. फुकट मिळणारा कच्चा माल नेहमी स्वस्तच पडतो असं नाही, हे त्या गिरणीवाल्यांना फार महागात कळलं.

मग उपाय? पहिला, कोंडा कमी. दोन किलोवरून अर्धा किलो. दुसरा, लसूणघास. आपल्याकडे काही जण मेथीघास म्हणतात. वाळलेल्या एका किलो लसूणघासात १२-१३ ग्रॅम कॅल्शियम मिळतं आणि फॉस्फरस फक्त दोन-अडीच ग्रॅम. मावळात तो फारसा होत नाही, पण जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या बागायती पट्ट्यात दुधाच्या गुरांसाठी लावतात. तिसरा उपाय, खाद्याच्या दर्जाची चुनखडीची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तीस ग्रॅममध्ये सुमारे ११ ग्रॅम कॅल्शियम. पानाला लावायचा चुना नव्हे हां! तो दाहक असतो, तोंड आणि घसा भाजतो.

दुकानदार बऱ्याचदा 'कॅल्शियम पावडर' म्हणून डीसीपी हातात देतो. त्यात कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही भरपूर असतो. गाईला ठीक. पण कोंड्यावरच्या घोड्याला आधीच फॉस्फरस जास्त झालाय, त्यात आणखी घालून प्रमाण सुधारत नाही. पाकीट उलटून दोन्ही आकडे वाचा आणि मगच पैसे काढा.

चणे, हुलगा, सातू, मका

चण्यांबद्दल आपल्या लोकांना भलतंच प्रेम. घोडा म्हटला की चणे. वाईट नाहीत, वीस टक्के प्रोटीन असतं. पण प्रोटीनसाठी म्हणून घेत असाल तर हिशोब करा. समजा चणे ७० रुपये किलो. एका किलोत २०० ग्रॅम प्रोटीन, म्हणजे एक किलो प्रोटीन ३५० रुपयांना पडलं. सोयाबीन पेंड समजा ५० रुपये आणि ४५ टक्के प्रोटीन. तेच प्रोटीन ११० रुपयांत. (हे भाव मी समजुतीसाठी धरलेत. तुमच्या दुकानातला आजचा भाव घालून बघा.) शिंगरू किंवा दूध पाजणारी घोडी असेल तर पेंड परवडते. नुसत्या फेऱ्या मारणाऱ्या घोड्याला बहुधा दोन्हींची गरज नसते. तेव्हा कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं तर चढू नका.

हुलग्याचं नाव इंग्रजीत घोड्यावरूनच पडलंय. जुन्या लष्करी पागांत हुलगा उकडून द्यायचे. त्यात शहाणपण होतं. प्रोटीन चण्याइतकंच, कॅल्शियम थोडं जास्त, आणि उकडल्यामुळे कच्च्या कडधान्यातले पचन अडवणारे घटक मोडतात. मिळत असेल तर चण्याऐवजी हुलगा घ्यायला माझी हरकत नाही.

ताकदीसाठी ओट किंवा सातू. ओटात चोथा जास्त, स्टार्च कमी आणि पचायला सोपा, म्हणून जगभर घोड्याला तोच देतात. सातूत स्टार्च जास्त, भरडून किंवा उकडून द्यावा. मक्यात सगळ्यात जास्त, सुमारे सत्तर टक्के, आणि कच्चा मका लहान आतड्यात नीट पचत नाही. न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात गेला की तिथं आंबतो, मग पोटशूळ आणि खुरं गरम होऊन घोडा बसणं. एका वेळेला स्टार्च किती? घोड्याच्या किलोमागे एक ग्रॅम धरा. तीनशे किलोला तीनशे ग्रॅम. सातूचा एक किलो म्हणजे साडेपाचशे ग्रॅम स्टार्च, तो दोन वेळांत विभागून द्यायचा. एकदम नाही.

आणि डब्याने मोजणं बंद करा. कोंड्याचा डबा आणि मक्याचा डबा दिसायला सारखा, वजनाला दुपटीहून जास्त फरक. घोडेवाला सांगतो "दोन डबे", मी विचारतो "किती किलो?", आणि उत्तर येत नाही. दोन-तीनशे रुपयांचा तानकाटा आणा. एकदा प्रत्येक मालाचा डबा तोलून डब्यावर रंगाने वजन लिहून ठेवा.

आता नवी चंदी मांडू

तोच तीनशे किलोचा घोडा. डोंगरावरचं सुकं गवत चार किलो, वाळलेला लसूणघास एक किलो, सातू एक किलो, गव्हाचा कोंडा अर्धा किलो, मीठ वीस-पंचवीस ग्रॅम. कॅल्शियम सुमारे २६ ग्रॅम, फॉस्फरस १७. प्रमाण दीडास एक. प्रोटीन पाचशे ग्रॅमच्या वर, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. ताकद मध्यम कामालाही पुरेल इतकी.

खर्च? समजा पेंढा ६, गवत १०, कोंडा २८, चणे ७०, गूळ ५०, लसूणघास २२, सातू ३२ रुपये किलो. जुनी चंदी: २४ अधिक ५६ अधिक ७० अधिक साडेबारा, म्हणजे १६२ रुपये ५० पैसे. नवी: ४० अधिक २२ अधिक ३२ अधिक १४ अधिक मिठाचे दोन-तीन, म्हणजे १११ च्या आसपास. रोज एका घोड्यामागे पन्नास रुपये. तीन घोडे, महिना साडेचार हजार. भाव बदलतील, फरक कमी-जास्त होईल. पण पैसे कुठं अडकले होते ते बघा: चणे, गूळ आणि कोंड्यात. पेंढ्यात वाचवले आणि चण्यात घालवले.

गवताबद्दल एक शब्द. मावळात गवत कापायची घाई भात निघाल्यावर होते, तोवर ते पिवळं, काडीचं झालेलं असतं. फुलोऱ्यावर असताना, पावसाची उघडीप बघून कापलं तर त्यात जीव असतो. पूर्ण वाळून पांढुरकं पडलेल्या वैरणीत जीवनसत्त्व अ जवळजवळ उरत नाही. उन्हाळ्यात म्हणून थोडा हिरवा लसूणघास किंवा गाजरं आठवड्यातून काही दिवस मिळाली तर उत्तम. मीठ मात्र बारा महिने. घोडा घामातून भरपूर मीठ टाकतो आणि कुठल्याच चाऱ्यात ते पुरेसं नसतं. पाणी उन्हाळ्यात पंचवीस-तीस लिटरपर्यंत लागतं. पॉइंटवर दिवसभर उभ्या घोड्याला किती मिळतं, ते स्वतःला विचारा.

शनिवार-रविवारचा सापळा

लोणावळ्याचा धंदा दोन दिवसांचा. सोमवार ते शुक्रवार घोडा बांधून, शनिवारी सकाळपासून पळापळ. आणि बरेच जण काय करतात? "बसलाय बिचारा, खाऊ दे" म्हणून पाच दिवस पूर्ण दाणा घालतात. मग शनिवारी अर्ध्या तासात घोडा घाम फुटून थांबतो, पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे, लघवी गडद. त्याला चालवायचं नाही, हलवायचंही नाही, ताबडतोब डॉक्टर. नांगर-गाडीच्या घोड्यांना रविवारच्या सुट्टीनंतर हे व्हायचं म्हणून परदेशात याला 'सोमवारचा आजार' म्हणत. आपल्याकडे तो शनिवारी येतो, एवढाच फरक.

सोपं आहे. बसक्या दिवशी दाणा निम्मा किंवा त्याहून कमी, चारा तसाच ठेवा. आणि अर्धा तास का होईना, रोज फिरवा. पावसाळ्यात प्रशासनाचा आदेश आला आणि पॉइंट बंद झाले, तर त्याच दिवशी दाणा कमी करायचा. यात पैसेही वाचतात, हे सांगायला नको.

गुरांचं आणि कोंबड्यांचं खाद्य

ही ओळ ठळक करून घ्या: कोंबडीखाद्य घोड्याच्या जवळही ठेवू नका. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधं मिसळलेली असतात. कोंबडीला ती चालतात, घोड्याच्या हृदयावर ती विष आहेत, अगदी थोड्या प्रमाणात. एकाच खोलीत पोती, एकच फावडं, सांडलेलं गोळा करून घोड्याला. असं करूच नका. खाद्य मिसळून विकायचा धंदा करायचा विचार असेल तर तर पहिली अट हीच, घोड्याच्या खाद्याला वेगळं मशिन किंवा निदान पूर्ण साफ केलेलं मशिन.

बुरशीचंही तसंच. लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात. भिंती घाम गाळतात. बुरशी लागलेल्या मक्यातलं एक विष घोड्याच्या थेट मेंदूवर जातं, त्यावर इलाज नाही. शेंगपेंडेला लागणारी बुरशी यकृत खाते. वास आला, गोळे झाले, हिरवट-काळी झाक दिसली की पोतं बाहेर. "वरचं काढून खालचं घालू" नाही चालणार. पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, आणि जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांपेक्षा जास्त दाणा भरून ठेवू नका.

दाणा पंधरा दिवसांचा, वैरण चार महिन्यांची

वैरणीचं गणित मात्र उलटं. ती आधीच भरायची. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र अनेकांनी शाळेत वाचलं असेल. रयतेच्या भाजीच्या देठासाठी ते आठवतं, पण त्याचा मोठा भाग घोड्यांच्या दाणा-वैरणीबद्दल आहे. मुद्दा सरळ आहे: साठा पावसाळ्याच्या हिशोबाने ठरलेला आहे, आत्ताच मनाला येईल तसा उधळला तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरायला लागतील आणि तुम्ही गावांना त्रास द्यायला निघाल. वर वैरणीच्या गंज्यांजवळ आगटी, दिवा, तंबाखू यांची सावधगिरी, उंदीर पेटती वात ओढून नेईल इथवर. सतराव्या शतकातलं इन्व्हेंटरी मॅनेजमेंट आहे हे!

तुमचं गणित: १ जून ते ३० सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस. रोज पाच किलोने ६१० किलो, भिजणं-कुजणं दहा टक्के धरून ६७० किलो एका घोड्याला. तीन घोडे म्हणजे दोन टन. "पण पावसात हिरवं गवत फुकट आहे की!" आहे. पण त्यात ऐंशी-पंच्याऐंशी टक्के पाणी असतं. दहा किलो हिरवं कापून आणलं तरी सुकं खाणं दीड-दोन किलोच. शिवाय पहिल्या पावसाच्या कोवळ्या लुसलुशीत गवतावर घोडा एकदम सोडला तर पोटशूळ आणि खुरं दोन्ही. हिरवं द्या, पण आधी सुकं खायला घालून मग. ते निम्मी गरज भागवेल असं धरलंत तरी टनभर सुकी वैरण मे अखेर घरात हवी. गवत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्याच भागात घ्या, लसूणघास मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून. एकट्याला टेम्पो परवडत नाही, म्हणून एका पॉइंटवरच्या सात-आठ जणांनी मिळून मागवा. भाडं वाटलं जातं आणि भावही तुटतो.

चंदी बदलायची ती मात्र एका दिवसात नाही. पोटातले जंतू जुन्या खाण्याला सरावलेले असतात. आठ-दहा दिवस घ्या: पहिले तीन दिवस पाव हिस्सा नवा, मग निम्मा, मग पाऊण, मग पूर्ण. बदल सोमवारी सुरू करा, शनिवारच्या तोंडावर नको. रोज सकाळी लीद बघा. घट्ट गोळे, मोडले की आत अख्खे दाणे नाहीत, तर ठीक चाललंय. पातळ झाली, फार आंबट वास आला किंवा लीदच कमी पडली, तर दाणा थांबवा, चारा-पाणी ठेवा. घोडा पोटाकडे वळून बघू लागला, लोळू लागला, तर मात्र तोंडाला काहीच लावू नका आणि थेट डॉक्टरांना फोन करा.